हृदयविकारोत्तर मानसचिकित्सा

हृद्‌रोहिणीत रक्ताची गुठळी होऊन हृद्‌स्नायूचा काही भाग मृत होणे म्हणजे हृदयविकाराचा झटका होय. त्यातून वाचलेल्या रुग्णाची भीती, विषण्णता व आत्मविश्वासाचा लोप यांवर संवाद, शिथिलीकरण आणि विचार व वर्तन यांत बदल घडविणे या मार्गांनी जे उपचार केले जातात, त्यांचा समावेश या चिकित्सेत होतो. औषधे, आहार व व्यायाम यांप्रमाणेच ती हृद्‌रोग-पुनर्वसनाचे एक अंग मानली जाते.

इतिहास : मनःक्षोभ व हृदयशूल यांचा संबंध वैद्यकास फार पूर्वीपासून ठाऊक आहे. प्रसिद्ध शस्त्रक्रियातज्ञ जॉन हंटर (१७२८–९३) यांना स्वतःला हृदयशूलाचा विकार होता. आपल्याला चिडविणाऱ्या कोणाच्याही हाती आपले प्राण आहेत, असे ते म्हणत. लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयातील एका सभेत वाद झाल्यानंतर लगेचच त्यांचा मृत्यू झाला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झटक्यानंतर रुग्णास कित्येक आठवडे अंथरुणावर निश्चल ठेवीत. त्यामुळे स्नायू दुर्बल होत आणि आपण कायमचे अधू झालो ही समजूत मनात दृढ होई. १९५२ मध्ये सॅम्युएल लेव्हाइन व बर्नार्ड लाउन यांनी रुग्णास लवकर खुर्चीत बसविण्याचा पुरस्कार केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९६४ मधील अहवालाने पुनर्वसनात शारीरिक स्थितीबरोबर मानसिक व सामाजिक स्थितीचाही अंतर्भाव केला.

१९५९ मध्ये मेयर फ्रीडमन व रे रोझेनमन या अमेरिकन हृद्‌रोगतज्ञांनी सतत घाई, स्पर्धा व वैरभाव असलेल्या वर्तनास ‘अ-प्रकार’ असे नाव दिले. झटका येऊन गेलेल्या रुग्णांना गटांत बसवून हे वर्तन बदलण्याचा फ्रीडमन व सहकाऱ्यांचा प्रयोग १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. साडेचार वर्षांत झटक्याची पुनरावृत्ती केवळ हृद्‌रोगविषयक सल्ला मिळालेल्यांत २१·२%, तर वर्तनविषयक मार्गदर्शनही मिळालेल्यांत १२·९% आढळली. अ-प्रकाराची मूळ कल्पना मात्र पुढील संशोधनात फारशी टिकली नाही. लक्ष विषण्णतेकडे वळले. माँट्रिऑल येथे नॅन्सी फ्रॅझर-स्मिथ व सहकाऱ्यांनी २२२ रुग्णांची पाहणी करून १९९३ मध्ये असे दाखविले, की झटक्यानंतर विषण्ण असलेल्यांत पहिल्या सहा महिन्यांतील मृत्यूचा धोका इतरांहून कित्येक पटींनी अधिक असतो.

कार्यकारणभाव : हा धोका दोन वाटांनी येतो. अनुकंपी तंत्रिका तंत्र उद्दीपित राहिल्याने नाडीची गती व रक्तदाब वाढतो आणि रक्त गोठण्याची प्रवृत्ती बळावते. दुसरी वाट वर्तनाची होय : खचलेला रुग्ण औषधे चुकवितो, चालणे टाळतो, तंबाखू सोडीत नाही.

परिणाम : मनाचा उपचार केल्याने आयुष्य वाढते काय, या प्रश्नास एकच उत्तर मिळालेले नाही. २,४८१ रुग्णांवरील अमेरिकन चाचणीत (२००३) बोधात्मक-वर्तन चिकित्सेने विषण्णता कमी झाली परंतु मृत्यू वा पुनर्झटके घटले नाहीत. स्वीडनमधील ३६२ रुग्णांच्या चाचणीत (२०११) वर्षभर वीस गटबैठका घेण्यात आल्या. तेथे हृद्‌रक्तवाहिन्यांच्या विकारांची पुनरावृत्ती ४१ टक्क्यांनी कमी झाली. २०१७ च्या कॉक्रन समीक्षेत ३५ चाचण्या व १०,७०३ रुग्ण विचारात घेतले होते. तीनुसार एकूण मृत्यूंत घट दिसत नाही. चिंता, विषण्णता व ताण मात्र कमी होतात. या उपचारांचे निश्चित फळ म्हणजे उरलेले आयुष्य निर्भयपणे जगता येणे, हे होय.

महाराष्ट्रातील कार्य : पुणे जिल्ह्यात लोणावळे येथे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करून योगक्रियांचा प्रयोगशालेय अभ्यास सुरू केला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृद्‌रोगतज्ञ के. के. दाते व सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये रक्तदाबाच्या रुग्णांवरील शवासनाचे परिणाम प्रसिद्ध केले. हा अभ्यास झटक्याच्या रुग्णांवरील नव्हता. तथापि शिथिलीकरणास वैद्यकीय उपचाराचे स्थान देण्याच्या दृष्टीने तो महत्त्वाचा ठरला. पुढे भारतातील २४ केंद्रांत ३,९५९ रुग्णांवर योगाधिष्ठित पुनर्वसनाची चाचणी झाली (२०२०). तीत गंभीर हृद्‌घटनांतील घट निर्णायक नव्हती. रुग्णांनी स्वतः नोंदविलेली प्रकृती मात्र अधिक सुधारली.

शिरूर व दौंड : घोड नदीकाठचा शिरूर आणि भीमेकाठचा दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील तालुके. ऊसशेती, रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहती आणि दौंडचे रेल्वे जंक्शन यांवर येथील अनेकांची उपजीविका चालते. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने बानू कोयाजी यांच्या नेतृत्वाखाली ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभारला. गावातीलच कार्यकर्त्यांना शिकवून आरोग्यसेवा घरापर्यंत नेणे, ही त्यांची पद्धत होती. कोयाजी यांना १९९३ मध्ये मागसायसाय पुरस्कार मिळाला. २००२ पासून तेथे २२ गावांतील जन्म, मृत्यू व स्थलांतराची नियमित नोंद ठेवण्यास आरंभ झाला.

अशा भागात झटक्यानंतरच्या मानसचिकित्सेपुढील प्रश्न शहरांहून निराळे आहेत. रुग्ण ‘मी उदास आहे’ असे क्वचितच म्हणतो. जीव घाबरतो, छातीत धडधडते, झोप लागत नाही, अशी त्याची तक्रार असते. ही लक्षणे हृदयाचीही असू शकतात; म्हणून प्रथम शारीरिक तपासणी आवश्यक ठरते. रात्री वीज आल्यावर उसाला पाणी देण्यास एकट्याने जाण्याची भीती शेतकऱ्यास वाटते. गाडी चालविणाऱ्या रेल्वे कर्मचाऱ्यास पुन्हा वैद्यकीय पात्रता सिद्ध करावी लागते. त्यामुळे नोकरीची चिंताही त्याच्या आजारात भर घालते. घरची माणसे काळजीपोटी सर्व कामे काढून घेतात, तेव्हा निरुपयोगीपणाची भावना वाढते. यासाठी उपचारात कुटुंबास सामील करून कामे टप्प्याटप्प्याने परत सोपविणे हितावह असते.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये व त्याची जिल्हा योजना १९९६ मध्ये सुरू झाली. २०२२ पासून १४४१६ या दूरध्वनी क्रमांकावर समुपदेशनाची सोय झाली. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून धावू लागल्या. त्यांच्यामुळे रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचणे सुकर झाले. मात्र घरी परतलेल्या रुग्णाचे भय दूर करण्याचे कार्य त्यानंतर सुरू होते आणि ते गावपातळीवरील प्रशिक्षित कार्यकर्त्यांवाचून पूर्ण होणारे नाही.