चकतीची साक्ष

१९८० सालच्या एप्रिलची २१ तारीख. अमेरिकेंतील बोस्टन शहरीं मॅराथॉनच्या अंतिम रेषेवर रोझी रुईझ ही स्त्री येऊन पोंचली. वेळ लागला होता अवघा २ तास ३१ मिनिटें ५६ सेकंद! स्त्रियांत ती पहिली ठरली. तिच्या मस्तकावर विजयमुकुटही चढला. परंतु २६ मैल धांवून आलेल्या बाईस घाम कसा नाहीं, अशी कुजबुज सुरू झाली. वाटेंत नोंद ठेवणाऱ्यांनीं तिला कोठेंच पाहिलें नव्हतें. पाहिलें तें दोघां विद्यार्थ्यांनीं, अंतिम रेषेपासून अर्ध्या मैलावर, गर्दींतून रस्त्यावर उतरतांना. आठ दिवसांनीं तो मान कॅनडाच्या जॅकलिन गॅरो हिला मिळाला. रेषेवरचा तो क्षण मात्र तिला कोण परत देणार?

१९९६ सालीं याच शर्यतींत चिप आली. बुटाच्या नाडीस बांधलेली ही लहानशी चकती. रस्त्यावर अंथरलेल्या पट्ट्यांवरून ती जातांच तिचा क्रमांक व क्षण यांची नोंद होते. तपासनीस मग या नोंदी ताडून पाहतो: एखादी पट्टी सुटली काय, पांच किलोमीटर अशक्य वेगानें तोडले काय, दोन चकत्या प्रत्येक पट्टीवर एकाच क्षणीं आल्या काय. सुटलेली नोंद म्हणजे लबाडीच, असें मात्र नव्हे; यंत्रही चुकतें.

शिवाय चकती ओळखते तो बूट, धांवणारा नव्हे. १९९९ सालीं दक्षिण आफ्रिकेंत, डर्बन व पीटरमॅरिट्झबर्ग यांमधील सुमारें ९० किलोमीटरांच्या कॉम्रेड्स शर्यतींत, एकमेकांसारखे दिसणारे दोघे भाऊ आळीपाळीनें धांवले. बिंग फुटलें तें चित्रांवरून: एकांत घड्याळ डाव्या मनगटावर होतें, दुसऱ्यांत उजव्या.