पावसहून सिंधुदुर्ग: आधी तिथी, मग नकाशा

समजा, तुम्हाला पावसहून लहान होडीनं सिंधुदुर्गावर जायचंय. इंजिन नाही, फक्त शीड आणि वल्ही. बेटावर होडीनं जायची ही पहिलीच खेप. तयारी कुठून सुरू कराल?

मी नकाशापासून केली. माझा विषय शिवकाळातल्या लहान गलबतांचा आहे, आणि एका प्रकरणात मला दाखवायचं होतं की किनाऱ्यावरून बेटावरच्या किल्ल्याला माणसं आणि सामान पोचवणं किती अवघड होतं. पावसची गौतमी नदी रनपारच्या बाजूला समुद्राला मिळते. दक्षिणेला मुचकुंदीच्या मुखावर पूर्णगड आहे. सोय म्हणून मी पूर्णगडापासून मोजायला लागले. कोकणचा किनारा जवळजवळ उत्तर-दक्षिण असल्यानं हिशेब सोपा आहे: अक्षांशाचा एक अंश म्हणजे ६० सागरी मैल. पूर्णगड ते विजयदुर्ग सुमारे १५ मैल, तिथून देवगड १०-११, पुढे मालवण २०. एकूण ४५ च्या आसपास. तासाला तीन मैल धरले तर १५ तास. झालं, तक्ता तयार! तो मी सादरीकरणात दाखवलासुद्धा.

मग पूर्णगडाखाली एका म्हाताऱ्या तांडेलांना तो तक्ता समजावून सांगायला गेले. त्यांनी कागदाकडे बघितलंही नाही. म्हणाले, "बाय, कुठं जायाचा ता मंग बघू. कदी जायाचा ता आदी सांग."

हा प्रश्न माझ्या तक्त्यात कुठेच नव्हता.

त्यांचा हिशेब असा. मृग लागल्यापासून नारळी पौर्णिमेपर्यंत नावच काढायचं नाही. त्यानंतरही समुद्र लगेच शहाणा होत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्यानं दिवाळी होऊ द्यावी. थंडीत रात्री जमीन गार पडते आणि मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तो पहाटे चांगला लागतो आणि ऊन चढलं की पडतो. मग थोडा वेळ सगळं सुन्न. दुपारी खारा वारा सुटतो, आपल्याकडे तो बहुधा वायव्येचा. म्हणजे दक्षिणेला जाणाऱ्यानं पहाटे मतलईवर बाहेर पडायचं, वारा पडायच्या आत जमेल तेवढं अंतर काटायचं आणि दुपारचा वारा पाठीवर घ्यायचा. विजयदुर्ग एका दिवसात होतो. दुसऱ्या दिवशी देवगड. मालवणला मात्र उजेडातच पोचायचं, कारण सिंधुदुर्गाभोवती खडक आहेत आणि त्यांच्यामधली वाट डोळ्यांनी बघूनच काढावी लागते.

आणि येताना? तोच वायव्येचा वारा आता तोंडावर. जायला तीन दिवस लागले म्हणून यायला तीनच लागतील असं नाही. १६६५ च्या फेब्रुवारीत शिवाजी महाराज मालवणहून आरमार घेऊन बसरूरला गेले. परतीला वायव्येच्या वाऱ्यांनी बरेच दिवस अडवून धरलं, असं ग्रँट डफ लिहितो. हे वाक्य मी आधी दोनदा वाचलं होतं. दोन्ही वेळा मला ते हवामानाचं किरकोळ वर्णन वाटलं.

राहिली भरती. कोकणातल्या बऱ्याच खाड्यांच्या तोंडाशी वाळू साचते, तेव्हा बाहेर पडायचं ते पाणी भरलेलं असताना. त्यासाठी किनाऱ्यावरच्या माणसाला कोष्टक लागत नाही: तिथीची पाऊणपट करायची. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, पावणेचार. पूर्ण भरती साधारण पावणेचारला, पहाटे आणि दुपारी. तास-अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण अंदाजाला पुरतं. आता मतलई पहाटेचा हवा, भरती पहाटेची हवी आणि तोंडाशी वाळू दिसायला चंद्रही हवा. शुद्ध पंचमीचा चंद्र रात्रीच मावळतो. वद्य पंचमीचा पहाटे डोक्यावर असतो. तांडेलांनी बोटांवर मोजून सांगितलं: मार्गशीर्ष वद्य पंचमी. माझ्या १५ तासांच्या तक्त्याला एवढं एका ओळीचं उत्तर!

आता हे संशोधनात कसं वापरायचं ते बघू. खांदेरीचं उदाहरण घेते, कारण तिथे मी सपशेल आपटले होते.

१६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस महाराजांनी थळसमोरच्या खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला. बेटावर मायनाक भंडारी, आरमारावर दौलतखान. मुंबईच्या इंग्रजांनी बांधकाम थांबवायला जहाजं पाठवली. त्यांच्या कागदांत 'शायबार', 'मांचुआ', 'गॅलिव्हॅट', 'ग्रॅब' असे शब्द भेटतील. बिचकू नका, ती आपलीच शिबाडं, मचवे, गलबतं आणि गुराबा आहेत. १८ ऑक्टोबरला दिवस उजाडताना मराठ्यांची साठाच्या वर गलबतं चौलच्या जरा उत्तरेकडच्या किनाऱ्यावरून इतक्या वेगानं आली की नांगरलेल्या इंग्रज जहाजांना हलायलाही वेळ मिळेना. 'डव्ह' नावाची गुराब अर्ध्या तासात हाती लागली. पुढे मोठ्या 'रिव्हेंज'नं मात्र पाच गलबतं बुडवली आणि मराठी आरमार नागोठण्याच्या खाडीत शिरलं.

मी उत्साहानं १८ ऑक्टोबर १६७९ ची तिथी काढली. शुद्ध चतुर्दशीच्या आसपास. म्हणजे रात्रभर चांदणं, पूर्ण भरती सकाळी साडेदहाला, म्हणजे पहाटे चारच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. त्यावर मी दीड पान लिहिलं: मराठ्यांनी ओहोटीची अडचण पत्करून चांदण्याचा फायदा कसा घेतला, वगैरे. वाचायला फार छान वाटत होतं.

सगळं चूक. इंग्रज १७५२ पर्यंत जुनी, ज्युलियन तारीख लिहीत. सतराव्या शतकात ती आजच्या पद्धतीपेक्षा १० दिवस मागे असे. त्यांची १८ ऑक्टोबर म्हणजे आपली २८ ऑक्टोबर. तिथी येते अश्विन वद्य नवमीच्या आसपास, दिवाळी आठवड्यावर आलेली. चंद्र मध्यरात्रीनंतर उगवणारा, अर्धा. आणि नवमीची पाऊणपट? पावणेसात. म्हणजे उजाडायच्या सुमाराला पाणी भरत आलेलं, खाडीतली गलबतं सहज बाहेर निघतील असं. वर बेट किनाऱ्याच्या पश्चिमेला, आणि पहाटेचा मतलई जमिनीकडून समुद्राकडे. तो 'वेग' कुठून आला असेल, याचा एक अंदाज इथे मिळतो. अंदाजच, हं. वाऱ्याची नोंद माझ्या हाती नाही, म्हणून प्रबंधात 'शक्यता' हाच शब्द ठेवलाय. शिवाय नवमीची भरती भांगाची, कमी जोराची. तिच्यावर फार भार टाकू नये.

तरीही एवढ्यानं वाचन बदलतं. जदुनाथ सरकारांनी या लढाईवरून आशियाई लोकांना समुद्रावर लढता येत नाही असा निष्कर्ष काढला. एका मोठ्या जहाजापुढे पन्नास गलबतं पळाली, हे खरंच आहे. पण गलबतांचं काम जहाज बुडवणं हे होतं, की बेट जिवंत ठेवणं? रात्रीच्या वेळी लहान होड्या खांदेरीला रसद पोचवत राहिल्या, इंग्रजांना त्या अडवता आल्या नाहीत, आणि १६८० च्या सुरुवातीला ते माघारी गेले. किल्ला उभा राहिला.

तेव्हा तुमच्या विषयात समुद्र असो वा नसो, जंत्री हातात घेतलीत की पहिल्यांदा तिची प्रस्तावना वाचा: इंग्रजी तारखा जुन्या पद्धतीच्या दिल्यात की नव्या? हे पान सगळे उलटून पुढे जातात. मीही गेले होते.

एक काम तुमच्यासाठी ठेवते. त्याच वर्षी, इंग्रजांच्या १९ सप्टेंबरला लेफ्टनंट थॉर्प आपलं शिबाड घेऊन खांदेरीच्या फार जवळ गेला आणि मारला गेला. दहा दिवस मिळवा, तिथी काढा, पाऊणपट करा. मग ठरवा, त्या वेळी त्या खडकाळ बेटाजवळ तुम्ही होडी नेली असती का.

आमची होडी मार्गशीर्ष वद्य पंचमीला निघतेय. तांडेलांच्या भाच्याची आहे, इंजिन असलेली; लाइफ जॅकेटशिवाय तो चढू देत नाही. विजयदुर्गापर्यंत इंजिन बंद ठेवायचं त्यानं कबूल केलंय. परतीचं मात्र काही बोलला नाही.