पासवर्ड चोरणारा किडा आणि न्हावा शेव्याला अडकलेले कंटेनर

२०१७ च्या जूनअखेरीस न्हावा शेवा बंदरातलं एक आख्खं टर्मिनल कॉम्प्युटरमुळे ठप्प झालं होतं, हे आपल्या शहरात किती जणांना आठवतं? वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत डिस्पॅच सांभाळणाऱ्यांना आठवत असेल. बाकीच्यांनी ‘मुंबईकडचं काहीतरी’ म्हणून ती बातमी सोडून दिली. पण आपल्या एमआयडीसीतून परदेशी जाणारा बराचसा माल, माळीवाड्याच्या डेपोतून जावो की थेट ट्रकने, शेवटी न्हावा शेव्यालाच पोचतो. त्यामुळे ही गोष्ट आपलीही आहे. थोडी लांब पोस्ट आहे, सवडीने वाचा.

टर्मिनलचं नाव गेटवे टर्मिनल्स इंडिया, म्हणजे जीटीआय. जहाज वाहतुकीतल्या मर्स्क या डॅनिश कंपनीचा एपीएम टर्मिनल्स हा उद्योग आणि आपल्या सरकारची कंटेनर कॉर्पोरेशन, असे दोघे भागीदार. वर्षाला १८ लाख कंटेनर हाताळायची क्षमता. २७ जून २०१७, मंगळवार. मर्स्कच्या कोपनहेगनमधल्या मुख्यालयात एकेक स्क्रीन काळी पडत गेली आणि उरणजवळच्या या टर्मिनलचीही यंत्रणा बसली. कंटेनर टर्मिनल म्हणजे नुसत्या क्रेन नव्हेत. कुठला डबा कुठल्या रांगेत, किती उंचीवर, कुठल्या जहाजाचा, गेटवर आलेल्या ट्रकला आत सोडायचं की नाही, हे सगळं कॉम्प्युटर सांगतो. तो गप्प झाला की क्रेन असून नसल्यासारखी. कागद-पेन घेऊन काम सुरू करावं लागलं, आणि हाताने काम म्हणजे ट्रकच्या रांगा. मर्स्ककडच्या जगभरातल्या ७६ टर्मिनलपैकी १७ ठिकाणी हाच गोंधळ होता.

किड्याला पुढे ‘नॉटपेट्या’ हे नाव पडलं. मी मुद्दाम किडा म्हणतोय, व्हायरस नाही. फरक साधा आहे. १९९० मध्ये भारतातूनच पसरलेला ‘जोशी’ नावाचा एक व्हायरस होता. होय, जोशी! ५ जानेवारीला कॉम्प्युटर अडून बसायचा आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ असं टाईप केल्याशिवाय पुढे जायचा नाही. तो कोण जोशी, कुणाचा जोशी, देव जाणे. पण त्या जोशीबुवांना एका मशीनवरून दुसऱ्यावर जायला कुणीतरी फ्लॉपी न्यावी लागायची. किड्याला, म्हणजे वर्मला, कुणी न्यावं लागत नाही. नेटवर्कच्या वायरीतून तो स्वतःच चालत जातो. वाटेत दार लागलं तर त्याला किल्ली लागते, आणि किल्ली म्हणजे पासवर्ड.

किल्ली मिळवायची त्याची रीत तीस वर्षांत कशी बदलली, ते बघण्यासारखं आहे.

२ नोव्हेंबर १९८८ ला रॉबर्ट मॉरिस या अमेरिकन विद्यार्थ्याने पहिला मोठा किडा सोडला. त्याच्या पोटात ४३२ शब्दांची यादी होती. लोक पासवर्ड म्हणून काय ठेवत असतील याचा अंदाज. शिवाय तो वापरणाऱ्याचं नाव सरळ आणि उलटं लावून बघायचा. तेवढ्यावर कितीतरी दारं उघडली. लोकांनी स्वतःचंच नाव पासवर्ड ठेवलेलं होतं.

वीस वर्षांनी, २००८ च्या अखेरीस, आला कॉन्फिकर. हा आपल्या शहरानेही भोगला. निराला बाजार, औरंगपुरा, टीव्ही सेंटर, जिथे डीटीपी आणि झेरॉक्सची दुकानं तिथे पेन ड्राइव्ह, आणि जिथे पेन ड्राइव्ह तिथे असले किडे. लग्नपत्रिकेचा मजकूर घेऊन आलेला ड्राइव्ह घरी जाताना वेगळंच काहीतरी घेऊन जायचा. ड्राइव्ह लावला की फोल्डरचं चित्र असलेला एक पर्याय पुढे यायचा, ‘फाइल्स बघण्यासाठी फोल्डर उघडा’ असा. तो फोल्डर नसायचाच, तोच किडा. ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरला की दुसऱ्या मशीनवर पासवर्डची यादी लावून बघायचा: ‘अ‍ॅडमिन’, ‘पासवर्ड’, १२३४५. वीस वर्षांत माणसं सुधारली नव्हती. वर तो अँटीव्हायरस कंपन्यांच्या वेबसाइट उघडूच द्यायचा नाही, म्हणजे औषधाच्या दुकानाचा रस्ताच बंद.

नॉटपेट्या अंदाज बांधत बसला नाही. त्याने पासवर्ड चोरले.

तुम्ही लॉगिन केलं की विंडोज तुमची ओळख मेमरीत धरून ठेवतं, दर वेळी विचारायला नको म्हणून. सोसायटीच्या वॉचमनच्या केबिनमध्ये खिळ्याला किल्ल्या टांगलेल्या असतात ना, तसं. बेंजामिन डेल्पी या फ्रेंच माणसाने २०११ मध्ये हीच कमजोरी दाखवायला ‘मिमिकॅट्झ’ नावाचं साधन बनवलं होतं. नॉटपेट्यात त्याच धर्तीची युक्ती होती. खिळ्यावरच्या किल्ल्या काढायच्या आणि नेटवर्कमधल्या पुढच्या कॉम्प्युटरला लावायच्या. दुसरं हत्यार ‘इटर्नलब्लू’, अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेकडून फुटलेलं. त्यावर मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच अपडेट दिलं होतं. पण खरी मेख इथे आहे: अपडेट केलेलं मशीनही वाचलं नाही. शेजारच्या जुन्या मशीनवर मोठ्या साहेबाचा, म्हणजे अ‍ॅडमिनचा, पासवर्ड मेमरीत सापडला आणि तोच सगळीकडे चालत असला, तर अपडेट कशाचं कामाला येणार? दार फोडलंच नाही, किल्लीने उघडलं.

सुरुवात झाली होती युक्रेनमध्ये. तिथे ‘एम.ई.डॉक’ नावाचं हिशेब-कराचं सॉफ्टवेअर घरोघर वापरतात, आपल्याकडे टॅली असतं तसं. त्याच्या अपडेटमध्येच किडा घुसवला होता. म्हणजे लोकांनी नियमाप्रमाणे अपडेट केलं आणि फसले. आत आल्यावर तासाभरात मशीन आपोआप बंद होऊन चालू व्हायचं, डिस्क दुरुस्त होतेय असा पडदा दिसायचा. दुरुस्ती कसली, तेव्हाच आतली मांडणी कुलूपबंद होत असायची. मग ३०० डॉलर बिटकॉइनमध्ये मागणारी चिठ्ठी. पैसे भरूनही काही परत मिळणार नव्हतं, कारण उघडायची किल्ली बनवलेलीच नव्हती. खंडणी हा देखावा होता, हेतू नासधूस. २०२० मध्ये अमेरिकेने या आणि इतर हल्ल्यांसाठी रशियाच्या लष्करी गुप्तचर संस्थेच्या सहा अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले. भांडण रशिया-युक्रेनचं, रांगेत उभा ट्रकवाला आपला.

मर्स्कला बाहेर पडायला काय करावं लागलं? दहा दिवसांत ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार कॉम्प्युटर नव्याने उभे केले, असं कंपनीच्या अध्यक्षांनीच पुढे दावोसला सांगितलं. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरचं. आणि यातला एक भाग मराठवाड्याच्या माणसाला फार आवडेल. कुणाला कुठे प्रवेश द्यायचा याची वही ठेवणारे कंपनीचे सुमारे दीडशे सर्व्हर एकमेकांची नक्कल ठेवायचे. बॅकअप तोच, म्हणून सगळे एकदमच गेले. वाचला फक्त एक, आफ्रिकेत घानामधला. का? किडा फिरत होता तेव्हा तिथली लाईट गेलेली होती! तिथल्या माणसाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता, म्हणून तो विमानाने नायजेरियाला गेला, तिथे विमानतळावर दुसऱ्याच्या हातात हार्ड डिस्क दिली आणि ती इंग्लंडला पोचली. लोडशेडिंगने जगातली मोठी जहाज कंपनी वाचवली, असं म्हणायला हरकत नाही.

आता आपल्याकडे वळतो, कारण पोस्ट त्यासाठीच आहे. आपल्या पतसंस्था, शाळा, दवाखाने, छोटी कार्यालयं. दहा-बारा कॉम्प्युटर, एक देखभालीचा मुलगा, आणि त्याने सोयीसाठी सगळ्या मशीनला ठेवलेला एकच अ‍ॅडमिन पासवर्ड. बहुतेक ठिकाणी तो संस्थेचं नाव आणि पुढे १२३ असतो. चिठ्ठी मॉनिटरच्या कडेला चिकटवलेली. नॉटपेट्याला जे लागतं ते ताटात वाढून ठेवलेलं.

असा किडा आलाच तर पहिली गोष्ट, नेटवर्कची वायर काढा, वायफाय बंद करा. सगळ्या मशीनची, एकाचीच नाही. एकेक साफ करत बसलात तर पहिलं साफ होईपर्यंत पाचवं त्याला पुन्हा लागण देतं. सफाईचं साधन स्वच्छ कॉम्प्युटरवरून आणा आणि विंडोजच्या त्रुटीवरचं अपडेट टाका. किड्याने पासवर्ड चोरलेत असं दिसलं, तर साफसफाईवर विश्वास न ठेवता फॉरमॅट करून नव्याने विंडोज टाकणं बरं. आणि सगळे पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, चांगल्या मशीनवरून. लागण झालेल्यावर बसून नवा पासवर्ड टाकणं म्हणजे चोर घरात असताना कुलूप बदलून नवी किल्ली त्याच्यासमोर टांगणं. प्रत्येक मशीनचा अ‍ॅडमिन पासवर्ड वेगळा ठेवा, रोजचं टायपिंग अ‍ॅडमिन खात्यातून करू नका, आणि बॅकअपची एक डिस्क कॉम्प्युटरपासून सुटी, कपाटात ठेवा. घानाचा सर्व्हर सुटा होता म्हणूनच वाचला.

पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा. संस्था असेल तर आणखी एक: एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार असा प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत केंद्राच्या ‘सर्ट-इन’ला कळवणं बंधनकारक आहे. सरकारी कार्यालयांनाही. आपल्याकडे मात्र ‘व्हायरस आला होता, काढला’ एवढ्यावर विषय मिटतो आणि सातबाऱ्यासाठी आलेल्या माणसाला ‘सर्व्हर डाऊन’ सांगतात.

म्हणून जिल्ह्यातल्या काही कार्यालयांकडे माहितीच्या अधिकारात तीनच प्रश्न विचारतोय: गेल्या तीन वर्षांत अशा किती घटना झाल्या, त्यातल्या किती कळवल्या, आणि सुटा बॅकअप शेवटचा कधी घेतला. उत्तरं आली की इथेच टाकतो.