बत्तीरचा आठवडा

मराठीतील ‘आठवडा’ या शब्दात आठ ही संख्या असली, तरी आपण दिवस सातच मोजतो. जेरुसलेमच्या नैर्ऋत्येस असलेल्या बत्तीर या पॅलेस्टिनी गावी मात्र पाण्याचा आठवडा खरोखरच आठ दिवसांचा आहे. कारण झऱ्याचे पाणी आठ कुळांत एकेक दिवसाच्या पाळीने वाटले जाते. तेथील दगडी बांधांची पायऱ्यापायऱ्यांची शेती २०१४ साली युनेस्कोने जागतिक वारशात समाविष्ट केली, व नियोजित विभाजक भिंतीच्या भयामुळे त्याच वेळी संकटग्रस्त वारशाच्या यादीतही घातली. अशा गावाचे पुनरुज्जीवन म्हणजे केवळ जुन्या घरांची डागडुजी नव्हे. झरा, पाट, बांध आणि पाण्याची पाळी यांचा परस्परसंबंध अभंग राखणे, हेच तेथील नियोजनाचे पहिले कर्तव्य होय.