धनी एका घरी, कुत्रा दुसऱ्या घरी

३० सप्टेंबर १९६० च्या शुक्रवारी रात्री साडेआठ वाजता एन.बी.सी. या अमेरिकन प्रसारण-कंपनीने ‘द वेस्टर्नर’ ही दूरचित्रवाणी-मालिका सुरू केली आणि ३० डिसेंबरला, अर्ध्या अर्ध्या तासाचे १३ भाग दाखवून होताच, तिचे दप्तर बांधून टाकले. तिच्या मरणाची कारणमीमांसा अवघड नाही. रात्रीच्या मोक्याच्या वेळी घोडेस्वारांच्या आणि पिस्तूलबाजांच्या कथा दाखविणाऱ्या मालिकांची संख्या त्याच्या आदल्याच वर्षी तीसच्या घरात गेली होती, प्रेक्षक विटू लागला होता, आणि त्यातच नेमक्या त्याच दिवशी त्याच घटकेला ए.बी.सी. कंपनीने ‘फ्लिंटस्टोन्स’ ही पाषाणयुगीन कुटुंबाची चित्रमालिका आणली व आठवड्याभराने सी.बी.एस. कंपनीने ‘रूट ६६’ ही मोटारीतून देश पालथा घालणाऱ्या दोन तरुणांची मालिका त्याच वेळेला समोर उभी केली. या दोहोंच्या मध्ये सापडलेल्या त्या उदास, रांगड्या आणि प्रेक्षकाचे कोणतेही लाड न करणाऱ्या कथामालेचा निभाव लागणे शक्यच नव्हते. मला ओढ आहे ती तिच्या जन्माची, कारण त्या जन्माच्या मुळाशी एक असा दुवा आहे की, तो एकदा ध्यानात आल्यावर तिची सर्वमान्य वंशावळ मला अपुरी वाटू लागली.

ती सर्वमान्य वंशावळ थोडक्यात अशी. कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो येथे १९२५ साली जन्मलेला सॅम पेकिनपा हा ‘गनस्मोक’ या लोकप्रिय मालिकेसाठी संहिता लिहीत असे. तिथे नाकारली गेलेली एक संहिता त्याने ‘झेन ग्रे थिएटर’ या स्वतंत्र कथांच्या मालेला दिली, ती ७ मार्च १९५८ रोजी ‘द शार्पशूटर’ या नावाने दाखविली गेली, आणि तिच्यातून ए.बी.सी.वर पाच वर्षे चाललेली ‘द रायफलमन’ ही मालिका निघाली. पुढे त्याच ‘झेन ग्रे थिएटर’मध्ये २६ मार्च १९५९ रोजी पेकिनपाने स्वतः लिहिलेली व दिग्दर्शित केलेली ‘ट्रबल ॲट त्रेस क्रूसेस’ ही कथा आली, आणि तिच्यातला डेव्ह ब्लासिंगेम हा भटका गुराखी दीड वर्षाने ‘द वेस्टर्नर’चा नायक झाला. डिक पॉवेल, डेव्हिड निव्हन व शार्ल बॉयर या नटांनी उभारलेल्या फोर स्टार कंपनीच्याच दारात ही दोन्ही अपत्ये वाढली. यात खोटे काही नाही. परंतु एकाच लेखकाच्या हातून एका वर्षाच्या अंतराने, एकदा मुलाचे बोट धरून चालणारा कुटुंबवत्सल विधुर आणि दुसऱ्यांदा बायको नाही, मूल नाही, जमीन नाही, अक्षरओळख जेमतेम, आणि सोबतीला केवळ हाकेला ओ न देणारा एक कुत्रा, असे दोन परस्परविरुद्ध पुरुष का निपजावेत, या प्रश्नाला ही वंशावळ उत्तर देत नाही.

ते उत्तर मला वॉल्ट डिस्ने यांच्या ‘ओल्ड येलर’ या चित्रपटाच्या श्रेयनामावळीत सापडले. १९५७ च्या नाताळात प्रदर्शित झालेला हा चित्रपट फ्रेड गिप्सन यांच्या आदल्या वर्षीच्या कादंबरीवर आधारलेला. टेक्सासमधल्या एका गरीब वसाहतवाल्याच्या घरातून बाप गुरांचा तांडा घेऊन कॅन्ससकडे जातो आणि घरची मुखत्यारी ट्रॅव्हिस या चौदाएक वर्षांच्या थोरल्या मुलावर येऊन पडते, अशी त्याची मांडणी. कुठून तरी भटकत आलेला एक पिवळा, चोरटा कुत्रा त्या घराला चिकटतो. मग एके दिवशी बर्न सँडरसन नावाचा उंचापुरा गुराखी दारात येऊन उभा राहतो, कारण तो कुत्रा त्याचा असतो. धाकट्या आर्लिसचा आकांत पाहून तो आपला हक्क सोडतो, आणि बदल्यात काय घेतो, तर पोराने खिशात बाळगलेला एक शिंगाळा सरडा आणि त्याच्या आईच्या हातचे एक वेळचे जेवण. निघण्यापूर्वी मात्र तो थोरल्याला बाजूला घेऊन, मुलखात जनावरे पिसाळू लागली आहेत ही गोष्ट मोठ्या माणसाला सांगावी तशी त्याला सांगतो. पुढे लांडग्याशी झुंजून कुत्रा पिसाळतो आणि ट्रॅव्हिसलाच त्याच्यावर बंदूक झाडावी लागते.

हा सँडरसन झाला होता चक कॉनर्स, म्हणजेच ‘द रायफलमन’चा नायक लूकस मॅकेन, आणि तो पिवळा कुत्रा झाला होता स्पाइक, म्हणजेच ‘द वेस्टर्नर’मधला ब्राउन. वडिलोपार्जित मिळकतीची वाटणी व्हावी आणि धनी एका भावाच्या घरी, तर त्याचा कुत्रा दुसऱ्या भावाच्या घरी जावा, तसा हा प्रकार आहे, आणि दोन्ही भावांचा जन्मदाता एकच, पेकिनपा!

कॉनर्स ‘द रायफलमन’मध्ये कसा आला याची हकीकत त्या मालिकेच्या चाहत्यांना ठाऊक असते. पूर्वी व्यावसायिक बेसबॉल व बास्केटबॉल खेळलेल्या या धिप्पाड नटाला निर्मात्यांनी प्रथम देऊ केलेला मोबदला कमी वाटला आणि त्याने नकार दिला. मग निर्माते आपापल्या मुलांना घेऊन ‘ओल्ड येलर’ पाहावयास गेले, सरड्याच्या बदल्यात कुत्रा देऊन टाकणारा तो सँडरसन त्यांनी पाहिला, आणि बापाच्या भूमिकेसाठी हाच माणूस हवा असे ठरवून वाढीव अटींवर त्याला आणले, असे सांगितले जाते. कुत्र्याची हकीकत त्याहून नम्र आहे. मॅस्टिफ आणि लॅब्रॅडॉर यांच्या संकरातून झालेला हा प्राणी व्हॅन नाइस येथील बेवारशी जनावरांच्या कोंडवाड्यातून फ्रँक वेदरवॅक्स यांनी उचलून आणला. ‘लॅसी’च्या कुत्र्यांना शिकवून नावारूपाला आलेले रड वेदरवॅक्स हे त्यांचे बंधू, तेव्हा विद्या घरातलीच होती.

आता माझा सिद्धान्त. पेकिनपाने ‘द रायफलमन’ पहिल्या वर्षीच सोडली, आणि त्याची कैफियत त्याने पुढे उघडपणे मांडली: मार्क मॅकेन हा मुलगा जगाची भीषणता पाहत पाहत मोठा होतो, ही त्याच्या मते मालिकेची खरी कथा होती, आणि निर्मात्यांनी ती होऊ दिली नाही. जॉनी क्रॉफर्ड या बालनटाचा चेहरा, त्याचे बापाकडे विश्वासाने पाहणे, संकट टळल्यावर बापाने दिलेला चार वाक्यांचा उपदेश, एवढ्यावर घरोघरची कुटुंबे संतुष्ट होती आणि जाहिरातदारही संतुष्ट होते. म्हणजे एकाच चित्रपटातून दोन पक्षांनी दोन वेगळे प्रसंग घेतले, असे मी म्हणतो. निर्मात्यांनी मधला प्रसंग घेतला, ज्यात मोठा माणूस लहान मुलावर माया करतो. पेकिनपाला हवा होता शेवटचा, ज्यात मुलाला आपल्या हाताने आपले लहानपण संपवावे लागते. मधला प्रसंग नटासकट पहिल्या मालिकेत गेला. शेवटचा प्रसंग जिथे जाऊ शकेल असे घर पेकिनपाला स्वतःच बांधावे लागले, आणि त्याने त्या घरात मूल ठेवलेच नाही. त्या जागी त्याने तो कुत्रा आणून बसवला, ज्याला पाहताच १९६० सालच्या प्रत्येक अमेरिकन पोराला आपण चित्रपटगृहात का रडलो होतो याची आठवण झाली असली पाहिजे.

या सिद्धान्ताला प्रतिस्पर्धी आहेत, आणि त्यांचा यथायोग्य समाचार घेणे प्राप्त आहे.

पहिला दावा ‘होंडो’चा. लुई लामूर यांच्या कथेवरून निघालेल्या १९५३ सालच्या या चित्रपटात जॉन वेनबरोबर सॅम नावाचा कुत्रा हिंडतो, आणि तो कोणाचा मिंधा नाही, स्वतःचे पोट स्वतः भरतो, यावर नायकाचा कटाक्ष असतो. तेव्हा ब्लासिंगेम आणि ब्राउन ही जोडी तिथूनच उचलली असे म्हणणारा मनुष्य अगदीच निराधार बोलतो असे मी म्हणणार नाही. पण ‘होंडो’तला कुत्रा मारला जातो, नायकाला विधवा आणि तिचा मुलगा मिळतो, आणि भटकेपणाचा शेवट संसारात होतो. तो मार्ग उलट ‘द रायफलमन’कडे जाणारा आहे. ‘द वेस्टर्नर’मध्ये कुत्रा जिवंत राहतो आणि संसार मात्र प्रत्येक भागात हातातोंडाशी येऊन निसटतो.

दुसरा दावा नावाचा. विल्यम वायलर यांच्या १९४० सालच्या, गॅरी कूपरच्या चित्रपटाचे नाव हेच होते. परंतु नावापलीकडे दोहोंत सामाईक असे काही मला आढळले नाही. न्यायाधीश रॉय बीन याच्या भूमिकेसाठी वॉल्टर ब्रेनन यांना ऑस्कर मिळवून देणारा तो चित्रपट वेगळ्याच घडणीचा आहे.

तिसरा दावा सर्वांत बलवान आहे, आणि तो फ्रेस्नोचा आहे. पेकिनपाचे मातामह डेन्व्हर चर्च हे न्यायाधीश व काँग्रेसचे सभासद होते, सिएरा पर्वताच्या पायथ्याशी त्यांची गुरांची वाडी होती, आणि तिथे जुन्या गुराख्यांच्या सहवासात नातवाचे बालपण गेले. त्या मुलखातल्या मदेरा परगण्यात पेकिनपा नावाचा डोंगरच आहे. आणि फ्रेस्नो परगण्यात ब्लासिंगेम या आडनावाची वस्ती आहे, जिचे नाव एका गुरेवाल्यावरून पडले! नायकाचे आडनाव लेखकाच्या शेजारातून आले याबद्दल मला तरी शंका उरली नाही. पहिल्या नावाचे तर बोलायलाच नको, कारण सॅम पेकिनपाचे पूर्ण नाव डेव्हिड सॅम्युएल, आणि त्याच्या बापाचे नावही डेव्हिडच. तेव्हा माणूस फ्रेस्नोचा आहे, हे मी बिनतक्रार कबूल करतो. पण ज्याने नायकाला स्वतःचे आणि बापाचे असे दोघांचेही नाव दिले, त्याच्या मनात बाप आणि मुलगा यांचा प्रश्न निकालात निघाला नव्हता, हीच गोष्ट या पुराव्यावरून सिद्ध होते. आणि ती माझ्या बाजूची आहे.

राहता राहिला व्यवहारी मनुष्याचा आक्षेप. हॉलीवूडमध्ये शिकवून तयार केलेली जनावरे मोजकी. स्पाइकने १९६० मध्येच ‘अ डॉग ऑफ फ्लँडर्स’ या चित्रपटात काम केले होते. मोठा पिंगट कुत्रा हवा असे म्हटल्यावर वेदरवॅक्स यांच्याकडचा तोच आला असेल, त्यात योजना कसली? याला माझे उत्तर ‘ब्राउन’ या भागात आहे. कुत्र्याच्याच नावाचा हा भाग पेकिनपाने स्वतः दिग्दर्शित केला, आणि त्याचे कथानक एवढेच की, जॉन डेनर यांनी मोठ्या रंगतीने उभा केलेला बर्गंडी स्मिथ हा गोडबोल्या ठक ब्लासिंगेमकडून ब्राउनला विकत घेण्यासाठी जंग जंग पछाडतो. ज्या कुत्र्याला त्याच्या आधीच्या धन्याने एका सरड्यावर आणि एका जेवणावर देऊन टाकले होते, त्याच कुत्र्याची किंमत ठरविण्याचा, आणि ती न ठरण्याचा, हा विनोद आहे. एवढा नेमका जबाब योगायोगाने जुळून येत नाही. तो धनी त्या वेळी दुसऱ्या वाहिनीवर मुलाला उपदेश करीत होता हे लक्षात घेतले म्हणजे या भागातील प्रत्येक बोलीला दुहेरी धार चढते.

मालिकेचा पहिला भाग ‘जेफ’ हाही याच अंगाने पाहावा. लहानपणापासून ओळखीच्या एका मुलीला एका क्रूर मुष्टियोद्ध्याच्या गुत्त्यातून सोडवून न्यावे म्हणून ब्लासिंगेम येतो, मार खातो, मार देतो, जिंकतो. आणि ती त्याच्याबरोबर येत नाही. जिंकूनही रिकाम्या हाताने परतणारा नायक सुरुवातीच्याच रात्री दाखविण्याचे धैर्य, आणि तेही लहान मुले जागी असतात अशा वेळी, त्या काळच्या दुसऱ्या कोणत्या मालिकेने केल्याचे मला आठवत नाही. ‘हँड ऑन द गन’मध्ये तर वगळलेला मुलगा वेष पालटून परत येतो: पूर्वेकडून आलेला, पिस्तुलाच्या तोऱ्यात असलेला एक तरुण, ज्याला हत्यार म्हणजे काय हे शिकविण्याचा ब्लासिंगेम कळकळीने प्रयत्न करतो. मार्क मॅकेनला जे शिकू दिले गेले नाही तो धडा हाच. ब्लासिंगेमच्या भूमिकेतील ब्रायन कीथ यांचा अभिनय या जागी इतका संयत आणि इतका दुखरा आहे की, दुर्बीण बसविलेली ती विंचेस्टर बंदूक त्यांच्या हातात ओझ्यासारखी दिसते.

पुढचा वंशविस्तार प्रसिद्ध आहे. कीथ यांच्याच भूमिकेमुळे पेकिनपाला ‘द डेडली कंपॅनियन्स’ हा पहिला चित्रपट १९६१ मध्ये मिळाला, या मालिकेवर काम केलेले छायालेखक ल्यूसियन बॅलर्ड पुढे ‘राइड द हाय कंट्री’ आणि ‘द वाइल्ड बंच’पर्यंत त्याच्याबरोबर राहिले, १९६३ मध्ये ‘द लूझर्स’ या कथेत ली मार्व्हिन आणि कीनन विन यांनी ब्लासिंगेम व बर्गंडी स्मिथ यांना आधुनिक काळात आणून पाहिले, पण त्यातून नवी मालिका उभी राहिली नाही. माझ्या दृष्टीने खरा वारस निराळाच आहे. टॉम ग्राइस यांनी या मालिकेसाठी ‘लाइन कँप’ हा भाग केला होता, आणि त्याच्याच बीजातून त्यांनी १९६८ मध्ये चार्ल्टन हेस्टन यांना घेऊन ‘विल पेनी’ हा चित्रपट लिहिला व दिग्दर्शित केला. त्यात उतारवयाकडे झुकलेल्या निरक्षर गुराख्याला एक स्त्री आणि तिचा मुलगा भेटतात, त्या मुलाचा बाप होण्याची संधी त्याच्यासमोर येते, आणि आता फार उशीर झाला असे म्हणून तो घोड्यावर बसून निघून जातो. ज्या घरातून पेकिनपाने मुलाला बाहेर ठेवले होते त्या घरात तो मुलगा आठ वर्षांनी असा परत आला, आणि त्या भूमिकेत ग्राइस यांनी आपल्या स्वतःच्या मुलाला उभे केले होते.