वॉटर्लूची हललेली माती

(१) १८ जून १८१५. वॉटर्लू. वेलिंग्टनने आपले बरेचसे सैन्य एका लांबट टेकाडाच्या मागच्या उतारावर ठेवले होते, त्यामुळे फ्रेंच तोफांच्या माऱ्यापासून त्याला आडोसा मिळाला. ही लढाई समजून घ्यायची, तर प्रथम त्या जमिनीचे चढउतार समजून घ्यावे लागतात.

(२) ते चढउतार प्रतिकृतीत उभे करण्याचे काम १८३० साली विल्यम सिबॉर्न या ब्रिटिश लेफ्टनंटकडे आले. तो स्वतः या लढाईत नव्हता. पण भूमापन हा त्याचा विषय होता आणि १८२७ साली त्यावर त्याने ग्रंथही लिहिला होता. रणभूमीवरच्या 'ला ए सँत' या शेतवाडीत आठ महिने राहून त्याने मैदान मोजले.

(३) पण मोजायची जमीन पूर्वीची राहिली नव्हती. नेदरलँड्सच्या राजाने आपला पुत्र जखमी झाला त्या जागी ४० मीटरहून उंच स्मारक-टेकडी उभारली होती. १८२६ मध्ये ती पूर्ण झाली. तिची माती त्याच ऐतिहासिक टेकाडावरून खणून आणलेली! लढाईच्या स्मरणार्थ लढाईचा सर्वांत मोठा पुरावाच खरवडला गेला.

(४) सिबॉर्नने एका मैलाला ९ फूट असे प्रमाण धरले. त्या मापाने माणूस जेमतेम ३ मिलिमीटरचा होतो. तो दिसणार कसा? म्हणून धातूचे सैनिक सुमारे १० मिलिमीटर उंचीचे केले. असे ७० हजारांहून अधिक सैनिक त्याने मांडले.

(५) प्रसंग निवडला तो संध्याकाळी सातच्या सुमाराचा, नेपोलियनच्या इंपीरियल गार्डच्या अखेरच्या हल्ल्याचा. जमीन साखळीने मोजता येते. त्या घटकेला कोणती पलटण कोठे होती, हे कसे मोजणार? सिबॉर्नने हयात अधिकाऱ्यांना पत्रे धाडली. शेकडो उत्तरे आली. त्यांतील निवडक पत्रे पुढे १८९१ साली त्याच्या मुलाने प्रसिद्ध केली.

(६) १८३३ मध्ये सरकारने पैसा थांबवला. सिबॉर्नने कर्ज काढून काम तडीस नेले आणि १८३८ साली लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये प्रतिकृती लोकांसमोर ठेवली.

(७) वाद पेटला तो प्रशियन सैन्यावरून. त्या घटकेला ते इतके पुढे दाखवले, तर विजयाचे श्रेय वाटून घ्यावे लागणार! वेलिंग्टनच्या वर्तुळातून आक्षेप आले. अखेर सिबॉर्नने हजारो प्रशियन सैनिक प्रतिकृतीवरून उचलले. त्याने नमते घेतले की नव्या पुराव्याने त्याचे मत बदलले, यावर अभ्यासक आजही भांडतात.

(८) १८४९ साली सिबॉर्न वारला. घातलेला पैसा त्याला कधीच पुरता परत मिळाला नाही. प्रतिकृती आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. ती पाहताना दोन गोष्टी ध्यानात असाव्यात : स्मारकासाठी माती हलली आणि श्रेयाच्या वादात सैनिक हलले. रणभूमीचा इतिहास वाचताना आधी विचारावे, हे कोणी हलवले, आणि कशासाठी?