ब्योमकेशच्या जनकाची वाटचाल

बंगाली लेखक शरदिंदु बंदोपाध्याय यांचा जन्म 30 मार्च 1899 रोजी जौनपूरचा. शिक्षण वकिलीचं. मुंगेरला काही काळ वकिली केली, पण 1929 मध्ये ती सोडून त्यांनी लेखणीवरच भिस्त ठेवली. 1932 मध्ये त्यांच्या कथांत ब्योमकेश बक्षी अवतरला. कलकत्त्यात हॅरिसन रोडवर मित्र अजितसोबत राहणाऱ्या या तरुणाला 'डिटेक्टिव्ह' म्हणवून घेणं आवडत नाही. त्याच्या दारावरची पाटी सांगते, 'सत्यान्वेषी'. 1936 पर्यंत दहा कथा झाल्या आणि ब्योमकेश थांबला.

दोन वर्षांनी लेखक मुंबईत आले, ते बॉम्बे टॉकीजसाठी लिहायला. 'भाभी', 'दुर्गा' अशा चित्रपटांशी त्यांचं नाव जोडलं गेलं. सिनेमाच्या धंद्यात त्यांनी सुमारे चौदा वर्षं काढली, पण ब्योमकेशवर त्या काळात एकही चित्रपट निघाला नाही. 1951 च्या 'चित्रचोर' कथेतून तो परतला. पुढच्याच वर्षी शरदिंदूंनी सिनेमाला रामराम ठोकून पुण्यात बिऱ्हाड केलं.

ब्योमकेशचा हा दुसरा डाव पहिल्याहून मोठा ठरला. बत्तीस पूर्ण कथांपैकी बावीस या काळातल्या. 'शैलरहस्य'मध्ये तर ब्योमकेश थेट महाबळेश्वरला पोचतो. शिवरायांच्या काळातल्या सदाशिव नावाच्या मराठी पोराच्या साहसकथाही शरदिंदूंनी बंगाली मुलांसाठी लिहिल्या. विजयनगरवरच्या 'तुंगभद्रार तीरे' कादंबरीला 1967 मध्ये रवींद्र पुरस्कार मिळाला.

त्याच वर्षी सत्यजित राय यांचा 'चिडियाखाना' आला. त्यातला ब्योमकेश उत्तम कुमार यांनी साकारला आणि या व 'अँटनी फिरिंगी'तल्या भूमिकांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 22 सप्टेंबर 1970 रोजी शरदिंदु गेले. 'बिशुपाल वध' ही कथा अर्धीच राहिली.

ब्योमकेशची घोडदौड मात्र त्यानंतरची. 1993 मध्ये बासु चटर्जींच्या मालिकेने, रजित कपूर यांच्या रूपाने, तो दूरदर्शनवरून घराघरांत पोचला. 2010 पासून अंजन दत्त यांनी बंगाली चित्रपटांची मालिकाच सुरू केली. 2013 मध्ये ऋतुपर्ण घोष यांचा 'सत्यान्वेषी', 2015 मध्ये दिबाकर बॅनर्जींच्या हिंदी चित्रपटात सुशांत सिंह राजपूत.

प्रत्येक दिग्दर्शकाला ब्योमकेश नव्याने करून पाहावासा वाटतो, कारण शरदिंदूंनी त्याला नुसती बुद्धी दिली नाही. संसार दिला, सत्यवतीसारखी बायको दिली, वाढतं वय दिलं. बंगालचा हा लाडका सत्यशोधक बहुतांशी महाराष्ट्रात बसून लिहिला गेला, ही नोंद मराठी वाचकानेही ठेवायला हवी.